परक्या भूमीवरील युद्ध आणि घरचा शेतकरी : अमेरिकेचा १९१७ सालचा अनुभव

युद्ध दूर देशीं चाललें असतां त्याची झळ आपल्या शेताच्या बांधापर्यंत कशी पोंचते, हा प्रश्न शेतकऱ्यास सहसा पडत नाहीं. भाव चढले म्हणजे तो संतोष पावतो व भाव पडले म्हणजे दैवास बोल लावतो. परंतु या चढउतारामागें राज्यकर्त्यांचे निर्णय, कायदे, कर्जें, आगगाडीचे डबे आणि माणसांचा तुटवडा अशीं अनेक कारणें असतात, व तीं एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून जितकीं स्पष्ट दिसतात तितकीं सामान्य विवेचनानें दिसत नाहींत. याकरितां प्रस्तुत लेखांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें उदाहरण घेतलें आहे. हें राष्ट्र ६ एप्रिल १९१७ रोजीं पहिल्या महायुद्धांत उतरलें, व ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं लढाई थांबली. म्हणजे अवघे एकोणीस महिने. तेवढ्या अवधींत तेथील शेतकऱ्याची स्थिति अशी कांहीं पालटली कीं, ती घडी पुन्हां पूर्ववत् बसली नाहीं.

महायुद्ध पेटलें १९१४ सालीं, आणि पहिलीं अडीच वर्षें अमेरिका त्यापासून अलिप्त राहिली. हा अलिप्तपणा फायद्याचाही होता. रशियाचा गहू काळ्या समुद्राच्या तोंडाशीं अडकून पडला, फ्रान्सच्या उत्तरेकडील सुपीक प्रांतांत खंदक खणले गेले, आणि ऑस्ट्रेलियाचा गहू आणावयास जहाजें पुरेनात. तेव्हां इंग्लंड, फ्रान्स व इटली यांची मदार उत्तर अमेरिकेच्या कोठारांवर येऊन पडली. १९१५ सालीं अमेरिकेंत गव्हाचें पीक १०० कोटी बुशेलांवर गेलें होतें. एक बुशेल गहू म्हणजे ६० पौंड, आपल्या आजच्या मापानें सुमारें २७ किलो. पण १९१६ सालीं काळ्या तांबेऱ्यानें उत्तरेकडील गव्हाचा फन्ना उडविला व पीक सुमारें ६४ कोटींवर आलें. मागणी वाढलेली आणि माल घटलेला, अशा स्थितींत राष्ट्र युद्धांत शिरलें. मे १९१७ मध्यें शिकागोच्या बाजारांत गव्हाचा भाव बुशेलास ३ डॉलरांवर गेला. युद्धापूर्वीं तो १ डॉलरच्या आसपास असे.

युद्ध करावें कीं नाहीं, याविषयीं शेतकरी प्रांतांत एकमत नव्हतें, हें येथें नमूद केलें पाहिजे. वुड्रो विल्सन हे नोव्हेंबर १९१६ मध्यें पुन्हां अध्यक्ष निवडून आले ते, त्यांनीं देशास युद्धापासून दूर ठेविलें, या घोषणेवर. पांच महिन्यांनीं त्यांनींच युद्धाचा ठराव मागितला. तेथील कायदेमंडळास काँग्रेस म्हणतात. आपल्याकडील त्या नांवाच्या संस्थेशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. वरिष्ठ सभागृहांत ठराव ८२ विरुद्ध ६ व कनिष्ठ सभागृहांत ३७३ विरुद्ध ५० मतांनीं पसार झाला. वरिष्ठ सभागृहांत विरुद्ध मत देणाऱ्या सहांमध्यें विस्कॉन्सिनचे ला फॉलेट, नेब्रास्काचे नॉरिस व नॉर्थ डाकोटाचे ग्रॉना होते. म्हणजे दूध, मका व गहू पिकविणाऱ्या प्रांतांचे प्रतिनिधि. धनिकांच्या लाभासाठीं सामान्यांच्या मुलांचा जीव जाणार, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

ठराव झाल्यावर प्रथम हात घातला गेला तो माणसांस. अमेरिकेचें खडें सैन्य युद्धापूर्वीं दीड लाखाच्याही आंत होतें. १८ मे १९१७ रोजीं सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला आणि ५ जून रोजीं २१ ते ३० वयाच्या सुमारें एक कोटी तरुणांनीं आपापल्या गांवीं नांवें नोंदविलीं. पुढें वयोमर्यादा १८ ते ४५ करण्यांत आली. युद्ध संपेपर्यंत सुमारें ४० लाख लोक सैन्यांत दाखल झाले. त्यांपैकीं सुमारें २८ लाख सक्तीनें. या भरतीची योजना ध्यानांत घेण्याजोगी आहे. माणसें निवडण्याचें काम लष्करी अधिकाऱ्यांकडे न देतां ४,००० हून अधिक स्थानिक मंडळांकडे सोंपविलें होतें, व त्यांवर त्या त्या भागांतील प्रतिष्ठित गृहस्थ नेमले होते. कोणता मुलगा शेतीस अवश्य आहे व कोणता नाहीं, हें जवळपासचेच लोक ठरवीत. त्यामुळें सरकारवर यावयाचा रोष पुष्कळसा गांवांतल्या गांवांत जिरला. अर्थात् ज्याचें गांवांत वजन त्याचा मुलगा घरीं, असेंही पुष्कळ ठिकाणीं झालें. दक्षिणेंत तर मळेवाल्यांनीं आपल्या उपयोगाचे कृष्णवर्णी मजूर राखून घेतले आणि स्वतःची जमीन कसणारे कृष्णवर्णी पाठवून दिले.

ओक्लाहोमा प्रांतांत ऑगस्ट १९१७ मध्यें कुळांनीं बंडच केलें. कापसाची शेती बटाईनें करणारे, कर्जांत बुडालेले हे लोक. त्यांत गोरे होते, कृष्णवर्णी होते, आणि तेथील मूळचे रहिवासीही होते. राजधानीपर्यंत चालत जावें व वाटेंत शेतांतलीं कोंवळीं कणसें खाऊन राहावें, असा त्यांचा भोळा बेत होता. म्हणून त्यास कोंवळ्या कणसांचें बंड असें नांव पडलें. तें थोड्याच दिवसांत मोडलें आणि दीडशेंच्या आसपास माणसांस शिक्षा झाल्या.

आतां भावाची गोष्ट. येथें थोडें सविस्तर लिहिणें अवश्य आहे, कारण हमीचा भाव हा विषय आपल्याकडेही जिव्हाळ्याचा आहे. १० ऑगस्ट १९१७ रोजीं लीव्हर कायदा या नांवानें ओळखला जाणारा अन्ननियंत्रणाचा कायदा झाला व हर्बर्ट हूवर यांची अन्ननियामक म्हणून नेमणूक झाली. हूवर हे आयोवा प्रांतांत जन्मलेले, खाणकामाचे इंजिनियर. बेल्जममधील उपाशी जनतेस अन्न पुरविण्याच्या कामामुळें त्यांचें नांव झालें होतें. (पुढें १९२९ सालीं ते अध्यक्ष झाले.) या कायद्यानें धान्याचे मोठे व्यापारी, गिरणीवाले व गोदामवाले यांस परवाना घेणें भाग पाडलें, शेतकऱ्यास मात्र त्यांतून वगळलें. मग शेतकऱ्याचा भाव बांधला गेला कसा? तशा अर्थाचा हुकूम शेतकऱ्यावर कोणींच बजावला नाहीं. ग्रेन कॉर्पोरेशन नांवाची ५ कोटी डॉलर भांडवलाची सरकारी संस्था स्थापन करण्यांत आली. दोस्त राष्ट्रांची सारी खरेदी तिच्यामार्फत, गिरण्यांची खरेदी तिच्याशीं झालेल्या कराराप्रमाणें, आणि गव्हाचे वायदे बंद. विकणारे लक्षावधि आणि घेणारा एकच, अशी स्थिति झाली म्हणजे तो एक जो भाव सांगेल तोच बाजारभाव. हा भाव सुचविण्याकरितां गारफील्ड नांवाच्या एका कॉलेजच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालीं समिति बसली. तींत शेतकऱ्यांच्या संघटनांचेही प्रतिनिधि होते. ३० ऑगस्ट रोजीं शिकागो येथें पहिल्या प्रतीच्या गव्हास बुशेलास २ डॉलर २० सेंट असा भाव जाहीर झाला.

याहून खालीं भाव जाऊं देणार नाहीं, असें वचन त्यांत होतें, व तें पाळलेंही गेलें. परंतु तीन महिन्यांपूर्वींचे ३ डॉलर आठवणाऱ्या शेतकऱ्यास दिसलें तें असें कीं, खालची मर्यादा म्हणून बांधलेला भाव वरचीही मर्यादा होऊन बसला आहे. युद्धापूर्वींच्या दुप्पट पैसा मिळत असतां तक्रार कसली, असें शहरवासी म्हणत. यावर शेतकऱ्याचें उत्तर असें कीं, माझा गहू बांधला, तर माझ्या गड्याची मजुरी, माझें नांगर, माझें कापड यांचे भाव कोणीं बांधले? त्यांतही कापसाचा भाव मोकळाच राहिला, ही गोष्ट गहूवाल्यांच्या मनांत फार सलली. काँग्रेसमध्यें सत्तारूढ पक्षाचे बडे पुढारी दक्षिणेकडील कापूसवाल्या प्रांतांतले होते, आणि कापूस १९१४ च्या मानानें तिपटीहून महाग झाला असतांही त्यास कोणी हात लावीना. रेल्वेचें भाडें वाढलें म्हणून गव्हाचा भाव पुढें २ डॉलर २६ सेंटांपर्यंत नेला. जुलै १९१८ मध्यें काँग्रेसनें २ डॉलर ४० सेंट देऊं केले, तेव्हां अध्यक्षांनीं नकाराधिकार वापरला. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकींत गहू पिकविणाऱ्या प्रांतांनीं याचा वचपा काढला व विल्सन यांचा पक्ष दोन्ही सभागृहांत अल्पमतांत गेला. त्या पराभवास इतरही कारणें होतीं. परंतु एका पिकास बांधून दुसरें मोकळें सोडणें अध्यक्षांस महाग पडलें, यांत शंका नाहीं.

डुकरांच्या बाबतींत हूवर यांनीं निराळी युक्ति केली. तेथें मका घालून डुकरें पोसतात. मका महाग व डुक्कर स्वस्त झालें म्हणजे शेतकरी मका विकून मोकळा होतो आणि मांसाची उणीव पडते. म्हणून नोव्हेंबर १९१७ मध्यें जाहीर करण्यांत आलें कीं, १०० पौंड वजनामागें १३ बुशेल मक्याइतकी किंमत डुकरास मिळावी असा प्रयत्न सरकार करील. पुढल्या वर्षीं डुकरांची पैदास भराभर वाढली. दुधाचा भाव आणि सरकीचा भाव यांचें नातें जाणणाऱ्या आमच्या वाचकांस यांतील मर्म सांगावयास नको.

खाणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर हूवर यांनीं घरोघर शिधापत्रिका दिल्या नाहींत. लोकांच्या स्वेच्छेवर, आणि खरें बोलावयाचें तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लाजेवर, त्यांनीं भिस्त ठेविली. एक कोटीहून अधिक कुटुंबांनीं अन्न वांचविण्याचें प्रतिज्ञापत्र भरलें व त्याचें कार्ड खिडकींत लाविलें. सोमवार व बुधवार गव्हावांचून, मंगळवार मांसावांचून, असे वार ठरले. एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या आपल्या लोकांस यांत नवल वाटणार नाहीं. पण त्या लोकांस हें अगदीं नवें होतें. १९१८ च्या आरंभापासून पाव भाजणारांस गव्हाच्या पिठांत मका, ओट, बार्ली यांचें पीठ मिसळावें लागे, आणि घरगुती गिऱ्हाइकानें जेवढें गव्हाचें पीठ घ्यावें तेवढेंच दुसऱ्या धान्याचेंही घेणें भाग होतें. साखर माणशीं महिना २ पौंडांवर आणली. १९१७ चें पीक देशाच्या नेहमींच्या खपापुरतें जेमतेम होतें. तरी खाणें आटोपतें घेतल्यामुळें कोट्यवधि बुशेल गहू यूरोपास रवाना होऊं शकला.

धान्य वांचविण्याच्या याच विचारानें दारूच्या भट्ट्यांस धान्य देणें बंद झालें. दारूबंदीची चळवळ जुनीच होती, पण युद्धानें तिला हवें तें कारण मिळवून दिलें. बिअर गाळणारे पुष्कळसे कारखानदार जर्मन वंशाचे होते, हेंही तिच्या पथ्यावर पडलें. जानेवारी १९१९ मध्यें राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन वर्षभरानें सर्व देशांत दारूबंदी लागू झाली. ती १९३३ पर्यंत टिकली. बार्ली पिकविणाऱ्यांचें एक मोठें गिऱ्हाईक अशा रीतीनें नाहींसें झालें. स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्नही असाच युद्धाच्या ओघांत सुटला: सप्टेंबर १९१८ मध्यें विल्सन यांनीं वरिष्ठ सभागृहास सांगितलें कीं, युद्ध चालविण्यास हा अधिकार देणें अवश्य आहे, व १९२० सालीं तो घटनेंत आला.

शेतांत पिकलें तरी बंदरांत पोंचलें पाहिजे. १९१७ च्या हिवाळ्यांत पूर्वेकडील बंदरांवर माल एवढा लोटला कीं, उतरून घेण्यास जागा नाहीं, न्यावयास जहाज नाहीं, आणि हजारों भरलेले डबे रुळांवर तसेच उभे. पश्चिमेकडे मात्र धान्य भरावयास डबा मिळेना. अखेर २६ डिसेंबर १९१७ च्या जाहीरनाम्यानें सरकारनें देशांतील रेल्वे कंपन्या आपल्या ताब्यांत घेतल्या. त्या १ मार्च १९२० रोजीं परत केल्या. जानेवारी १९१८ मध्यें कोळशाच्या टंचाईमुळें मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील कारखाने पांच दिवस बंद ठेवावे लागले.

सरकारनें घड्याळासही हात घातला. दिवाबत्तीचा कोळसा वांचावा म्हणून मार्च १९१८ मध्यें कायद्यानें उन्हाळ्यापुरतें घड्याळ एक तास पुढें केलें. शहरांत लोक खूष झाले. शेतकऱ्याची मात्र पंचाईत झाली. गाय कांहीं घड्याळ पाहून पान्हा घालीत नाहीं, आणि गवतावरचें दंव सूर्य वर आल्यावांचून वाळत नाहीं. मजूर घड्याळाप्रमाणें येई, दंव वाळेपर्यंत बसून राही, आणि काम रंगांत येतें न येतें तोंच घड्याळाप्रमाणें घरीं जाई. शेतकऱ्यांनीं एवढा गिल्ला केला कीं, ऑगस्ट १९१९ मध्यें काँग्रेसनें अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून तो कायदा रद्द केला. युद्धकाळांतील सरकारी उपायांपैकीं शेतकऱ्यानें निव्वळ आपल्या बळावर मोडलेला बहुधा हा एकच.

मजुरांचा तुटवडा अनेक बाजूंनीं आला. १९१४ सालीं बारा लाख लोक परदेशांतून नशीब काढावयास आले होते. १९१८ सालीं सर्व जगांतून मिळून एक लाख दहा हजारच आले. कारखान्यांची मजुरी वाढली तशीं खेड्यांतलीं माणसें तिकडे वळलीं. दक्षिणेंतील कापसाच्या मळ्यांवर पिढ्यान् पिढ्या राबलेले सुमारें पांच लाख कृष्णवर्णी लोक १९१६ पासून तीन-चार वर्षांत शिकागो, डेट्रॉइट अशा उत्तरेकडील शहरांस गेले. कापसावरील सोंडकिड्यानें केलेला नाश व मळेवाल्यांचा जुलूम हीं कारणें आधींच होतीं. युद्धानें दार उघडलें. मेक्सिकोंतून तात्पुरते मजूर आणण्याची सवलत १९१७ सालीं देण्यांत आली. शहरांतील कॉलेजांच्या मुली फळबागांत व दुग्धशाळांत काम करूं लागल्या. घोडे व खेंचरें सुमारें दहा लाख यूरोपच्या सैन्यांकडे विकलीं गेलीं होतीं. ही उणीव यंत्रानें भरून काढली: १९१६ सालीं तेथील शेतांवर अवघे ३७ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते, ते १९२० च्या गणतींत २ लाख ४६ हजार भरले. ट्रॅक्टर रोखीनें थोड्यांनींच घेतले, हें पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवावें.

एक गोष्ट मात्र निःसंशय हिताची झाली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानें जिल्ह्याजिल्ह्यांत शेतकी सल्लागार नेमण्यास सुरुवात झाली होती. युद्धाच्या निकडीनें पैसा मिळाला आणि त्यांची संख्या १९१७ च्या जूनमधील सुमारें १,४०० वरून वर्षभरांत सुमारें २,४०० वर गेली. बीं तपासणें, लस टोंचणें, मजूर मिळवून देणें हीं कामें ते करीत. त्यांच्याभोंवतीं शेतकऱ्यांचीं जिल्हामंडळें उभीं राहिलीं व त्यांतूनच १९१९ मध्यें शिकागो येथें अखिल देशाचा फार्म ब्यूरो संघ निघाला. तांबेऱ्याचा जंतु बार्बेरीच्या झुडपावर एक अवस्था काढतो, हें शास्त्रज्ञांस ठाऊक होतें. परंतु कुंपणाकुंपणांतून तें झुडूप उपटण्याची मोहीम १९१८ सालीं, गव्हाच्या प्रत्येक दाण्याची किंमत कळल्यावरच सुरू झाली.

याउलट जी गोष्ट लिहावयास संकोच वाटतो ती शेजाऱ्याशेजाऱ्यांतील संशयाची. मध्य-पश्चिमेकडील उत्तम शेतकऱ्यांत जर्मन वंशाचे लोक फार. दोन-तीन पिढ्या तेथें नांदलेले, चर्चमध्यें जर्मन बोलणारे. आयोवाच्या गव्हर्नरांनीं मे १९१८ मध्यें फर्मान काढलें कीं, शाळेंत, चर्चमध्यें, रस्त्यांत, टेलिफोनवर इंग्रजीवांचून दुसरी भाषा बोलूं नये. साउथ डाकोटांतील हटराइट पंथाचे लोक सामुदायिक शेती करीत व शस्त्र धरणें पाप मानीत. त्यांतील जोसेफ व मायकेल होफर या भावांस तुरुंगांत टाकण्यांत आलें. तेथील हालांनीं दोघेही १९१८ च्या अखेरीस मरण पावले. त्यानंतर बहुतेक हटराइट वसाहती जमिनी सोडून कॅनडांत गेल्या. सरकारी कर्जरोखे पुरेसे घेतले नाहींत म्हणून शेतकऱ्यांच्या घरांस पिवळा रंग फांसण्याचे प्रकार झाले. नॉर्थ डाकोटांत १९१५ सालीं स्थापन झालेला शेतकऱ्यांचा नॉनपार्टिझन लीग हा सरकारी गिरणी, सरकारी गोदाम व सरकारी बँक मागत होता. त्याच्या सभा देशद्रोहाच्या सबबीखालीं उधळल्या गेल्या. धान्याच्या दलालांविरुद्ध बोलणें आणि राष्ट्राविरुद्ध बोलणें यांत भेद करण्याच्या मनःस्थितींत कोणी नव्हतें, आणि दलालांस तें सोयीचें होतें. १९१७ व १९१८ च्या कायद्यांनीं युद्धाविरुद्ध बोलणाऱ्यांस वीस वर्षांपर्यंत शिक्षा देतां येत असे. समाजवादी पुढारी यूजीन डेब्स यांस एका भाषणाबद्दल दहा वर्षांची झाली. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठीं झटणाऱ्या गदर पक्षाच्या लोकांवर सॅनफ्रान्सिस्को येथें खटला चालला तोही याच काळांत, नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८. त्या चळवळीच्या आरंभींच्या मंडळींत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. ते अमेरिकेंत शेतकीशास्त्र शिकले, पण तत्पूर्वींच देश सोडून गेले होते. पुढें मेक्सिकोंत मक्याच्या संशोधनांत त्यांनीं मोठें नांव मिळविलें.

युद्धाचा पैसा कांहीं करांतून व पुष्कळसा कर्जांतून उभा राहिला. पांच वेळां कर्जरोखे काढून सुमारें २१ अब्ज डॉलर जमविण्यांत आले. राष्ट्रीय कर्ज १९१६ मधील सुमारें सव्वा अब्जावरून १९१९ मध्यें २५ अब्जांवर गेलें. जीवनखर्च १९१४ ते १९२० या काळांत दुप्पट झाला. या व्यवहाराचा एक धागा आपल्या खेड्यांपर्यंत आला होता. युद्धासाठीं हिंदुस्थानांत जी खरेदी होई तिचा पैसा चांदीच्या रुपयांत द्यावा लागे, आणि चांदी मिळेना. १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची व त्यानंतर लौकरच अडीच रुपयांची कागदी नोट निघाली ती यामुळेंच. नोटेवर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हां एप्रिल १९१८ मध्यें अमेरिकेनें पिटमन कायदा करून आपल्या तिजोरींतील सुमारें २६ कोटी चांदीचे डॉलर वितळविले व ती चांदी हिंदुस्थानच्या टांकसाळींसाठीं दिली. आमच्या आजोबा-पणजोबांनीं त्या सालीं कापूस विकून जे रुपये कमरेस बांधले, त्यांत अमेरिकेची चांदी असण्याचा पुष्कळ संभव आहे. इन्फ्लुएंझाची सांथही दोन्ही देशांनीं एकाच वर्षीं भोगली: अमेरिकेंत पावणेसात लाखांच्या आसपास माणसें गेलीं, हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक.

युद्ध थांबलें, पण भाव लगेच पडले नाहींत, आणि घात झाला तो यामुळेंच. यूरोप उपाशी होता. अमेरिकन सरकार त्यास कर्ज देत होतें व त्याच कर्जांतून अमेरिकेचा गहू, डुक्कर व कापूस घेतला जात होता. गव्हाची हमी १९१९ च्या पिकापर्यंत चालू राहिली. शेतकऱ्यास वाटलें कीं हेच भाव आतां कायमचे. आयोवांत शेतजमिनीची सरासरी किंमत इमारतींसह एकरीं १९१० सालीं ९६ डॉलर होती, ती १९२० सालीं २२७ डॉलर झाली. थोडी रक्कम रोख देऊन, उरलेल्यासाठीं पहिलें गहाण बँकेचें व दुसरें गहाण विकणाऱ्याचें, अशा रीतीनें लोकांनीं शेजारचीं शेतें घेतलीं. घेतलेलें शेत आठ दिवसांत दुसऱ्यास नफ्यानें देणारेही निघाले. देशांतील शेतीवरील गहाणकर्ज दहा वर्षांत सुमारें ३ अब्ज २० कोटींवरून ८ अब्ज ४० कोटींवर गेलें.

१९२० च्या उन्हाळ्यांत सर्व आधार एकदम सुटले. यूरोपास सरकारी कर्ज देणें थांबलें होतें. मे अखेर गव्हाची हमी संपली. जूनमध्यें न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती बँकेनें व्याजाचा दर शेंकडा ७ वर नेला. ऑगस्टमध्यें रेल्वेचीं भाडीं पुन्हां वाढलीं. मका त्या उन्हाळ्यांत बुशेलास सुमारें १ डॉलर ८५ सेंट होता, तो पुढील वर्षाच्या अखेरीपर्यंत ४१-४२ सेंटांवर आला. गहू अडीच डॉलरांवरून डॉलरच्या आंत, कापूस पौंडास ३५ सेंटांवरून वर्षअखेर १४ च्याही खालीं. कोळशापेक्षां मका स्वस्त पडतो म्हणून लोकांनीं तो शेगडींत जाळला. नांगराचा भाव व कर्जाचा हप्ता हे मात्र जागचे हलले नाहींत. जो डॉलर फेडण्यास पूर्वीं अर्धा बुशेल मका पुरे, त्यास आतां दोन बुशेलांहून अधिक लागूं लागला. शेतें लिलावांत निघालीं, आणि शेतकऱ्यांमागोमाग त्यांस कर्ज देणाऱ्या लहान बँकाही बुडाल्या. १९२१ ते १९२९ या काळांत पांच हजारांहून अधिक बँका बंद पडल्या, त्या बहुतेक खेड्यापाड्यांतल्या. शहरांत हीं वर्षें भरभराटीचीं म्हणून प्रसिद्ध आहेत.

या हलाखींत शेतकऱ्यास युद्धांतील संघटनेचा उपयोग झाला. फार्म ब्यूरोच्या साह्यानें १९२१ मध्यें काँग्रेसांत पक्षभेद विसरून शेतकरी प्रांतांचा गट जमला. फेब्रुवारी १९२२ मध्यें त्यानें कॅपर-वोल्स्टेड कायदा करून घेतला. शेतकऱ्यांनीं सहकारी संस्था काढून एकत्र माल विकणें हा मक्तेदारीचा गुन्हा नव्हे, असें त्यानें ठरविलें. हमीभावाची मागणीही मेली नाहीं. सरकारनें युद्धांत भाव बांधला होता, तो शांततेंत कां बांधूं नये, असें लोक विचारूं लागले. तशा अर्थाचें बिल अध्यक्ष कूलिज यांनीं १९२७ व १९२८ मध्यें दोनदां फेटाळलें. अखेर १९३३ च्या शेतकी कायद्यानें सरकार पुन्हां भावांच्या व्यवहारांत उतरलें.

जमिनीवर झालेला परिणाम सर्वांत उशिरां दिसला. युद्धापूर्वीं अमेरिकेंत सुमारें पांच कोटी एकरांवर गहू होता, तो १९१९ सालीं सुमारें साडेसात कोटी एकरांवर गेला. यांतील पुष्कळ जमीन कॅन्सस, कोलोरॅडो, ओक्लाहोमा व टेक्सस यांच्या सीमेवरील कोरड्या माळांची. तेथें पाऊस बेताचा, वारा फार, आणि हजारों वर्षांच्या गवताच्या मुळ्यांनीं माती धरून ठेविलेली. गहू पिकवा म्हणजे युद्ध जिंकाल, या हांकेसरशीं तें गवत नांगरून टाकण्यास सुरुवात झाली. भाव पडल्यावर हप्ता भागेना म्हणून आणखी नांगरलें. १९३० नंतर अवर्षणाचीं वर्षें लागोपाठ आलीं, व उघडी माती वाऱ्यानें उचलली. मे १९३४ मधील एका वादळानें ती धूळ पूर्वेच्या शहरांवर व अटलांटिक महासागरांतील जहाजांवर नेऊन टाकली. एप्रिल १९३५ मध्यें मृद्संधारणाचा कायदा झाला. कर्जबाजारी शेतकऱ्यांकडून सरकारनें तेथील लाखों एकर जमीन विकत घेतली व तींत पुन्हां गवत पेरलें. कॅन्ससच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील सिमरॉन नांवाचें राष्ट्रीय गवताळ कुरण अशाच जमिनींचें बनलें आहे. युद्धकाळीं गव्हासाठीं फोडलेल्या त्या भागांत आज पुन्हां गुरें चरतात.